तिसरी रेषा

डिचोली,
८ मार्च २०२५

चि. गौरवीस आत्याचे आशीर्वाद.

माझे कान गेल्यापासून मी ओठ वाचते, तरी घरातली माणसे माझ्याशी बोलायचे सोडून हातवारे करतात. त्यामुळे लिहिणे हेच माझे बोलणे. कागदावर लिहायचे, फोटो काढायचा, तुला पाठवायचा. तुझे उत्तर मी दुपारचा चहा झाला की वाचते. त्याआधी फोन पिशवीतून काढत नाही, हे तुला ठाऊक आहे.

मंगळवारी माहेरी पार्श्याला जाऊन आले. तुझ्या भावाने, निहारने, फेणीची भाटी लावली आहे. यंदा काजूचे बोंडू फार कमी. वरची अर्धी बाग रस्त्याला गेली आणि उरलेल्या झाडांचा मोहोर करपला. तरी अंगणात भरलेल्या बाटल्या मात्र पुष्कळ. शिवाय कोपऱ्यात निळी पिंपे येऊन पडली आहेत. कसली म्हणून विचारले, तर निहार म्हणाला, "आते, तू अजून शाळेत असल्यासारखी तपासणी करू नको. उंडे पाव ताजे आहेत, खाऊन घे."

एक गोष्ट मला आवडली नाही. भाटीची पहिली बाटली विकायच्या आधी राखणदार देवाला द्यायची, हे आपल्या घरात कधी चुकले नाही. घरातल्या कर्त्याने बागेच्या टोकाला त्याच्या थळावर बाटली ठेवायची, गाराणे घालायचे, पहिला घोट स्वतः घ्यायचा आणि मग जमलेल्यांना तीर्थ द्यायचे. निहारने बाटली ठेवली, पण ती ह्या वर्षीची नव्हे. तुझ्या बाबांनी जायच्या वर्षी काढलेली शेवटची बाटली कपाटात जपून ठेवली होती ना, तीच नेऊन फोडली. मी विचारले, "ताजी सोडून ही कशाला रे?" त्याने उत्तर दिले, पण मान वळवून दिले, म्हणजे मला ओठ दिसू नयेत. दादाच्या हातची ती शेवटची होती, गौरवी. मला फार लागले.

तुझे काका ठीक. संध्याकाळी फेणीचा एक कोप घेतात, तोही भाच्याच्या भाटीचा. निहार फुकट देतो, म्हणून त्याला नावे ठेवत पितात. गुरुवारी सकाळी उठले आणि मला म्हणाले, "अगो, जनेलाच्यो कांचो पूस मगे, धुकट बसलां." मी पुसल्या. खिडकीच्या काचा स्वच्छच होत्या. दुपारपर्यंत त्यांचेच धुके गेले. वय झाले, दुसरे काय.

तू तिथे नेमके काय करतेस ते एकदा चार ओळींत लिही. सुविधाची आई निहारकडे आली होती. लेकीची नणंद काय करते म्हणून विचारत होती. मी म्हटले, तारे बघते. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे पत्रिका करतात?"

तुझी
कमलाक्षी आत्या


बॉन,
११ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न.

मी पत्रिका करत नाही, हे सुविधाच्या आईला कळव. तिची निराशा होईल, पण इलाज नाही.

मी काय करते ते असे. नवा तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती धूळ आणि वायू यांची तबकडी फिरत असते. धुळीच्या कणांवर बर्फाचा पातळ थर असतो. तारा तापू लागला की आतल्या बाजूचा बर्फ उडतो आणि त्यात अडकलेले रेणू मोकळे होतात. प्रत्येक रेणू ठराविकच लहरींवर रेडिओ किरण सोडतो. आमच्या आलेखावर त्या लहरींच्या जागी उभ्या रेषा उमटतात. रेषांच्या जागा पाहून रेणू ओळखायचा, हे माझे काम. तारा चारशे प्रकाशवर्षे दूर, म्हणून जवळ जाता येत नाही, हुंगता येत नाही, चाखता येत नाही. फक्त रेषा.

मी ज्याच्या मागे आहे तो रेणू फेणीतल्या दारूच्या रेणूचा धाकटा भाऊ आहे असे समज. एक कार्बन कमी. पुढचे बरेच मोठे रेणू त्याच्यापासून तयार होतात, म्हणून तो महत्त्वाचा.

एका रेषेवरून रेणूचे नाव घ्यायचे नाही, हा आमच्याकडचा नियम. एका जागी दोन वेगळ्या रेणूंच्या रेषा बसू शकतात. मागच्या वर्षी आमच्या गटाने दोन रेषांवरून एका नव्या रेणूचे नाव जाहीर केले. तिसरी रेषा दुसऱ्याच रेणूची निघाली आणि निबंध मागे घ्यावा लागला. पहिले नाव माझे होते. त्यानंतर मी तिसरी रेषा बसल्याशिवाय काहीच बोलत नाही.

काकांच्या डोळ्यांबद्दल थोडे विचारायचे आहे. धुके दोन्ही डोळ्यांना होते का? त्याआधीच्या संध्याकाळी त्यांनी फेणी घेतली होती का, आणि ती नव्या बाटलीतली होती का? पोटात दुखले का? उजेड सहन होत नव्हता का? सहज विचारते आहे.

बाबांच्या बाटलीचे वाईट वाटले. निहारने तसे का केले असेल, याचा तुझा अंदाज काय?

तुझी
गौरवी


डिचोली,
१७ मार्च २०२५

चि. गौरवीस आशीर्वाद.

म्हणजे तुझ्या ताऱ्याकडेही भाटी लागली म्हणायची! तुझे पत्र मी काकांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "तिका विचार, थंयची फेणी हांगा किती दिसांनी पावतली?" मी म्हटले, चारशे वर्षांनी. म्हणाले, तोवर निहारचीच बरी.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे. धुके दोन्ही डोळ्यांना. आदल्या संध्याकाळी घेतली होती, नेहमीप्रमाणे, आणि होय, बाटली नवी फोडलेली. पोटात कळ आली होती, पण त्यांनी आदल्या दिवशी फणसाची भाजी चापली होती. उजेडाचे म्हणशील तर मला म्हणाले, पडदा ओढ, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. हे सगळे तुला कसे कळले?

शनिवारी पुन्हा तसेच झाले. रात्री काही नाही, सकाळी मात्र भिंतीवरचे कॅलेंडर दिसेना. म्हापशाच्या डॉक्टरांना दाखवले. मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. मला हायसे वाटले. मोतीबिंदू सगळ्यांनाच होतो.

पार्श्याचे पांडुरंग, निहारचे शेजारी, तेही आजारी आहेत. ओकाऱ्या आणि डोके. शिमग्याच्या मेळात दोन दिवस नाचले, उन्हाने झाले असणार.

निहारने दादाची बाटली का दिली म्हणतेस. मला वाटते, त्याला बाबांची आठवण आली असेल. दुसरे काही वाटत असले तरी ते मला लिहायचे नाही. तो माझ्या भावाचा मुलगा आहे, गौरवी.

तुझी
आत्या


बॉन,
१८ मार्च २०२५

सिद्धी,

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे आणि कामासाठीच लिहिते आहे, याबद्दल रागावू नकोस. पणजीला तुमच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ आहे. मला दोन बाटल्या तपासून हव्या आहेत. एक मार्चच्या सुरुवातीची, एक आत्ताची. दोन्ही निहारच्या भाटीच्या, डिचोलीला आत्याकडे आहेत.

मला मिथेनॉलचा संशय आहे, ताऱ्याभोवती ज्याच्या मागे आहे त्याच रेणूचा. फेणी कमी पडते म्हणून तो पिंपातले औद्योगिक स्पिरिट मिसळत असावा. काकांना दोनदा डोळ्यांपुढे धुके आले. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी. चांगली दारू सोबत असली की शरीर आधी तिचा निकाल लावते आणि मिथेनॉलचा त्रास उशिरा उघड होतो. ते जुळते. पण मोतीबिंदूही जुळतो आणि फणसाची भाजीही. एवढ्यावर मी सख्ख्या भावाला विष विकणारा म्हणू शकत नाही. शब्द एकदा बाहेर पडला की तो अबकारीवाल्यांपर्यंत जाईल, आणि मग मी चुकले तरी त्याला परत आणता येणार नाही.

दुसरी गोष्ट. यंदा त्याने राखणदाराला स्वतःच्या भाटीची बाटली दिली नाही. बाबांची जुनी दिली. तुला आमची पद्धत माहीत आहे. देवापुढे ठेवायला जी चालत नाही, ती माणसांना विकायला चालते, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे बाटलीत काय आहे ते त्याला माहीत आहे.

आत्याला आणि निहारला मी काही सांगितलेले नाही, आणि कुठे लेखी नोंदही नको. तुझा निकाल आल्यावर सांगेन. काकांनी ती फेणी घेऊ नये, एवढे आत्याला लिहिते.

गौरवी


पणजी,
२० मार्च २०२५

गौरवी,

बाटल्या मी स्वतः डिचोलीला जाऊन आणते. पण मशीनचा एक भाग बिघडला आहे, नवीन येईपर्यंत आठवडा तरी जाईल. दुसरीकडे करून घ्यावे तर कारण लेखी द्यावे लागते, आणि तू लेखी नको म्हणतेस.

आता माझे ऐक. हा तारा नाही. मध्ये चारशे प्रकाशवर्षे नाहीत. तुझा भाऊ पार्श्याला बसलाय आणि त्याच्याजवळ फोन आहे. त्याला आज फोन कर आणि तो शब्द उच्चार. चुकलीस तर तो तुला शिव्या देईल. पाडव्याच्या गोड जेवणाला तुला कोणी बोलावणार नाही. बस, एवढेच होईल.

तुला कॉलेजपासून ओळखते म्हणून सांगते. तू गप्प राहतेस तेव्हा लोकांना वाटते की तू विचार करते आहेस. कधीकधी तू फक्त गप्प असतेस.

सिद्धी


बॉन,
२१ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न.

काकांनी पुढचे काही दिवस निहारची फेणी घेऊ नये. डोळ्यांच्या औषधाबरोबर ती चालत नाही असे त्यांना सांग. माझी मैत्रीण सिद्धी तुझ्याकडे येईल. तिला घरातली जुनी बाटली आणि निहारकडून नुकतीच आलेली, अशा दोन्ही दे. तिला कसल्याशा अभ्यासासाठी हव्या आहेत.

धुके पुन्हा आले तर त्याच दिवशी कळव.

गौरवी


डिचोली,
२५ मार्च २०२५

चि. गौरवीस आशीर्वाद.

सिद्धी येऊन गेली. गोड मुलगी. चहा घेतला, बाटल्या घेतल्या आणि जाताना उंबऱ्यावरच थांबून राहिली. बोलायला ओठ उघडले आणि बाटल्यांची पिशवी सावरून निघाली. मी तिचे ओठ बघत होते.

काकांनी ऐकले. पहिले दोन दिवस मला तोंड दाखवले नाही, पण ऐकले. डोळे छान आहेत. काल पेपर चष्म्याशिवाय वाचायला घेतला आणि मोठे मथळे मला मोठ्याने वाचून दाखवले, मला ऐकू येत नाही हे विसरून. डॉक्टरांच्या औषधाचाच गुण.

की दुसऱ्या कशाचा? तू मला जे विचारतेस ते सगळे तुला आधीच माहीत असल्यासारखे विचारतेस. मी अठ्ठावीस वर्षे मुलांना शिकवले. उत्तर माहीत असलेले मूल कसे हात वर करते ते मला कळते. आणि उत्तर माहीत असून हात खाली ठेवणारे मूलही कळते. निहारचे काही वाकडे असेल तर त्याला तू सांग. तो माझे ऐकत नाही. तुझे ऐकतो. चिडतो, पण ऐकतो. लहानपणी विहिरीच्या कठड्यावर चढला होता आणि तू "माझी शपथ, उडी मारून दाखव" म्हणालीस, आठवते? सगळे म्हणत होते उतर, तेव्हा उतरेना. तू म्हटल्याबरोबर उडी. नशीब, पाणी होते.

पाडव्याला सगळे पार्श्याला जमणार आहोत.

तुझी
आत्या


बॉन,
२७ मार्च २०२५

निहार,

फोनवर आपण दोघे भांडतो, म्हणून लिहिते.

तुझ्या बाटलीत काय आहे ते तुला माहीत आहे. मलाही बहुतेक माहीत आहे. पूर्ण खात्री होईपर्यंत मी त्याचे नाव लिहिणार नाही आणि कोणाकडे जाणारही नाही.

तू यंदा राखणदाराला बाबांची बाटली दिलीस. स्वतःची त्याच्यापुढे ठेवायला तुझा हात धजला नाही. माझ्यासाठी तो पुरेसा मोठा पुरावा आहे.

मी तुला एकच सांगते. पाडव्याला सगळे जमतील. तेव्हा ह्या वर्षीची बाटली थळावर ठेव, बाबा घालायचे तसे गाराणे घाल आणि पहिला घोट स्वतः घे. घेतलास तर मी चुकले असे सगळ्यांसमोर कबूल करेन. घेऊ शकत नसशील तर भाटी बंद कर, ती निळी पिंपे ज्याची त्याला परत कर आणि विकलेल्या बाटल्या परत आण. मला कारण सांगायची गरज नाही.

गौरवी


पणजी,
३१ मार्च २०२५, सकाळ

गौरवी,

मशीन शुक्रवारी सुरू झाले. काल पाडवा असूनही येऊन दोन्ही नमुने लावून ठेवले, निकाल आत्ता हातात घेतला. मिथेनॉल आहे. जुन्या बाटलीत थोडे, डोळ्यांना त्रास देण्याइतके. नव्या बाटलीत कितीतरी पट जास्त. हे पिंप वेगळे आहे. ही बाटली पेलाभर पिणारा माणूस वाचला तर नशीब, आणि वाचला तर त्याला दिसेल याची खात्री नाही.

तिसरी रेषा मिळाली. आता तरी फोन कर.

सिद्धी


पार्से,
३१ मार्च २०२५, सकाळ

चि. गौरवीस आशीर्वाद.

मी काल पाडव्याला पार्श्याला आले ती राहिलेच. तुझी पाठ थोपटायला हवी! तू निहारला काय लिहिलेस ते त्याने मला दाखवले नाही, पण त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिला.

काल दुपारी तो सगळ्यांना घेऊन बागेच्या टोकाला गेला. ह्या वर्षीची बाटली, अगदी नवी, बूच न काढलेली. थळावर पान मांडले, रोट ठेवला, विडी ठेवली. आणि गाराणे असे घातले की मला ऐकू न येताही अंगावर काटा आला. "बा राखणदारा, ह्या भाटयेत काय उणा-पुरा आसात ता पोटात घाल, आनी लेकरांक सांबाळ." सगळे "होय म्हाराजा!" म्हणाले, तेव्हा त्यांच्या छात्या हललेल्या दिसल्या. मग त्याने पहिला घोट घ्यायचा, तर पठ्ठ्याने कोप भरून घेतला आणि एका दमात रिकामा केला. सुविधा ओरडली असणार, कारण तो तिच्याकडे बघून हसला. मग तीर्थ. तुझ्या काकांनीही घेतले, मी डोळे वटारले तरी. म्हणाले, "तीर्थाक ना म्हणूंक मेळना गो." आजारी पांडुरंग आले नव्हते, त्यांच्याकडे पानाच्या द्रोणातून पाठवले.

किती दिवसांनी निहारला असा मोकळा पाहिला! बाबांसारखा दिसत होता. आज सकाळी मात्र दोघेही उठायला तयार नाहीत. काका ओसरीवर आडवे, डोके धरले आहे म्हणतात. निहार आत. पाडव्याचा शीण. सुविधा धारगळला गेली आहे, दुपारी येईल, आणि फोन इथेच विसरली आहे. मी आहे दोघांपाशी.

निहारने तुला द्यायला म्हणून काल सकाळीच एक कागद लिहून दिला होता. गडबडीत राहिला. त्याचाही फोटो पाठवते.

आत्ताच आत डोकावून आले. निहार माझ्याकडे बघून म्हणाला, जनेल उघड, सगळा काळोख करून ठेवलाय. त्याचे ओठ नीट वाचले मी. जनेल उघडेच आहे. ऊन थेट त्याच्या तोंडावर आहे. झोपेत बोलला असेल.

पेज झाली की खायला घालते.

तुझी
आत्या


(सोबतचा कागद)

पार्से,
पाडवो

सायंटिस्ट बाय,

तुझे पत्र पावले. होय, बाटलीत काय आहे ते मला माहीत आहे. निम्मी काजूची, निम्मी पिंपातली. पिंपातले म्हणजे शुद्ध स्पिरिट. आणून देणारा म्हणाला, हायवेवर बाटलीबंद विकतात त्यात हेच असते. लोकांना फसवतो, हे मान्य. अर्धी बाग गेली आणि बाटलीवर बाबांचे नाव आहे. ती बंद झाली असती तर ते नाव संपले असते. तू परत येणार नाहीस, म्हणून ते मी एकट्याने सांभाळायचे.

पण राखणदाराचे तू जे लिहिलेस ते चूक. मी त्याला ती दिली नाही, कारण ती आपल्या जमिनीची नव्हे. त्याला आपल्या मातीत पिकलेलेच लागते, बाबांनी तुलाही सांगितले होते, तू विसरलीस. त्यात दुसरे काही नाही. तू मात्र असे लिहितेस की जणू मी माणसे मारायला निघालोय. नावही लिहीत नाहीस. नाव असते तर तू लिहिले असतेस ना? तू काही अशी सोडणारी नव्हे.

म्हणून ठेवतो आज. राखणदाराची माफी मागून ठेवतो. आणि घोट कसला, कोप भरून घेतो. मग तुला पटेल. पुढच्या वर्षी पिंपे बंद, हा शब्द. यंदा बोंडूच नाहीत ग.

तू पुढच्या पाडव्याला ये. आत्याला आता डोळ्यांवाटेच सगळे ऐकावे लागते.

निहार


बॉन,
३१ मार्च २०२५

आत्या,

सगळे सोडून हे वाच.

निहारला आणि काकांना विषबाधा झाली आहे. बाटलीत मिथेनॉल आहे. मि-थे-नॉल. हा शब्द एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिही आणि तो कागद हातात ठेव. रुग्णवाहिकेतून येणाऱ्या माणसाला आधी तो कागद दे, मग बाकीचे बोल. सिद्धीने रुग्णवाहिकेला कळवले आहे आणि ती स्वतः गाडीने निघाली आहे. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायचे आहे. तिथे ह्यावर औषध आहे आणि ते वेळेत दिले तर चालते.

दोघांना कुशीवर वळव. पेज देऊ नकोस. निहार विचारेल तर त्याला दिवस आहे की रात्र ते सांगू नकोस, फक्त एकदा हात धर.

दार उघडे ठेव आणि दारातच बस. कोणी हाक मारली तर तुला ऐकू येणार नाही.

तीर्थ घेतलेल्या प्रत्येकाच्या घरी कळवायला हवे. पांडुरंगकाकांकडेही. वाटेवरून जो पहिला माणूस जाईल त्याला थांबव आणि हे पत्र दाखव. लाजू नकोस. निहारचे काय होईल याचा विचार करू नकोस, अबकारीवाल्यांना मी स्वतः लिहिले आहे.

मी तुझ्या फोनवर सारखी रिंग देते आहे. सुविधाच्याही. तो फोन तिथेच कुठेतरी वाजत असेल. निहारचा बंद आहे. तू चहा होईपर्यंत पिशवी उघडत नाहीस हे मला माहीत आहे. आज उघड. आत्या, फोटो पाठवल्यावर फोन लगेच आत ठेवला नसशील. ठेवला असशील तरी काहीतरी पाहायला म्हणून पुन्हा काढशील. कॅलेंडर, वेळ, काहीही.

हे वाचलेस की मला लिही. वाक्य नको. एक अक्षर पुरे, कुठलेही.

गौरवी